जुन्या इंग्रजी पोर्सिलेनवरची छापील नक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न साधारण 1750 ते 1850 या काळातल्या इंग्रजी पोर्सिलेनबद्दल, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणाऱ्या पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांबद्दल आहेत. साध्या मातीच्या भांड्यांचा विषय जिथे टाळता येत नाही, तिथे तोही घेतला आहे. वाचताना हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटी टॉर्च असू द्या. यातलं बरंचसं बशी हातात धरूनच पटतं.

माझ्या बशीवरची नक्षी छापील आहे की हातानं रंगवलेली?

भिंग घेऊन जिथे सावली दाखवली आहे तिथे बघा: झाडाचं खोड, खडकाची खालची बाजू, अंगरख्याच्या चुण्या. रंगवणारा गडद-फिकेपणा रंगात पाणी कमीजास्त करून साधतो. त्यामुळे रंगवलेल्या निळ्यात एकच फटकारा सुरुवातीला फिका आणि पुढे गडद होत जातो, आणि कुंचला उचलला तिथे रंग साचलेला दिसतो. छापील नक्षीत असं होऊच शकत नाही. तांब्याच्या पाटीवर फक्त रेघा आणि ठिपके कोरता येतात. म्हणून सावली ही बारीक समांतर रेघांची असते, नाहीतर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांच्या जाळीची. नुसत्या डोळ्यांना जो निळा धब्बा वाटतो तो भिंगाखाली सुटा सुटा होतो.

दुसरी खूण काठावर असते. काठाची नक्षी कागदाच्या तुकड्यांतून आलेली असते, आणि ते तुकडे गोल फिरून कुठेतरी एकमेकांना भेटतात. भेटताना नीट जुळतातच असं नाही. अर्धवट कापलेलं फूल, मध्येच तुटलेली वेल, एकावर एक चढलेली जाळी असं काही सापडलं की प्रश्न मिटला. काठ बारा वाजल्यापासून घड्याळाच्या दिशेनं सावकाश फिरवत बघा. किटलीवर हाच सांधा बहुधा कानाच्या मागे किंवा तोटीच्या बुडाशी लपवलेला असतो, कारण सपाट कागद तिथे वळत नाही.

तिसरी खूण सुरकुती. ओला पातळ कागद गोलाईवर बसवताना घडी पडली, तर नक्षीतून एक बारीक पांढरी रेघ जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंची चित्रं किंचित सरकलेली दिसतात. पुष्कळजण तिला तडा समजून घाबरतात. नख फिरवून बघा. तडा असेल तर बहुधा नख अडखळतं, आणि टॉर्चच्या उजेडात ती रेघ मातीच्या आत शिरलेली दिसते. कागदाची घडी फक्त नक्षीत असते, मातीत नसते.

एका प्रकारानं मात्र जाणकारही फसतात. वूस्टर कारखान्यात 1750 आणि 1760 च्या दशकांत अतिशय बारीक कुंचल्यानं काळ्या रेघांची चित्रं काढली जात, तीही छापील चित्रांची नक्कल वाटावी अशी. तिथे रेघेची जाडी बघा. कुंचल्याची रेघ दाब बदलला की जाड-बारीक होते, आणि सावलीच्या रेघा कोरलेल्या रेघांइतक्या काटेकोर नसतात.

कागदावरची नक्षी भांड्यावर जायची कशी?

निळ्या छापाची पद्धत नीट समजली की वरच्या सगळ्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

सुरुवात तांब्याच्या पाटीपासून. तिच्यावर चित्र कोरताना जिथे गडद रंग हवा तिथे खोल, जिथे फिका हवा तिथे उथळ कोरायचं. खोल रेघेत जास्त रंग मावतो, एवढंच गडद-फिकेपणाचं गणित. आणखी एक बारकावा: पुस्तकासाठीची पाटी उलटी कोरावी लागते, भांड्यासाठीची सुलटी. कारण इथे चित्र दोनदा पलटतं, एकदा पाटीवरून कागदावर आणि मग कागदावरून भांड्यावर. त्यामुळे कारखान्यांच्या जुन्या पाट्यांवरची अक्षरं सरळ वाचता येतात.

पाटी शेगडीवर गरम करायची. उकळून दाट केलेल्या जवसाच्या तेलात कोबाल्टचा दळलेला रंग घोटायचा आणि तो कोमट, पातळ झालेला रंग लाकडी ठोकळ्यानं रेघांत दाबून भरायचा. वरचा जास्तीचा रंग पात्यानं खरवडून काढायचा आणि मग कॉर्डुरॉय गुंडाळलेल्या गादीनं पाटी लख्ख पुसायची. रंग फक्त रेघांत राहिला पाहिजे. पुसण्यात कसर राहिली की पांढऱ्या जागेवर निळसर झाक येते, आणि ती कायमची.

मग पातळ, पण चिवट टिश्यू कागद. त्याला मऊ साबणाचं पाणी लावलेलं असतं. साबणामुळे कागद पाटीला चिकटून फाटत नाही आणि पुढे भांड्यावरून सहज सुटतो. कागद पाटीवर ठेवून फ्लॅनेल गुंडाळलेल्या रुळांखालून काढायचा, पाटी गरम असतानाच सोलून घ्यायचा. छापणारा पुरुष असे. कागद कात्रीनं कापणारी बहुधा लहान मुलगी, आणि नक्षी भांड्यावर बसवणाऱ्या बाया. काठ, मधलं चित्र, किटलीचं झाकण, सगळ्याचे तुकडे वेगळे. एकदा भाजलेल्या पण झिलई (वरचा काचेसारखा चकचकीत थर) न चढवलेल्या कोऱ्या भांड्यावर ते तुकडे रंगाची बाजू खाली करून ठेवायचे. कोरं भांडं सच्छिद्र, ते तेलकट रंग पटकन धरतं. एकदा ठेवला की तुकडा सरकवता येत नाही, म्हणून या बायांच्या हाताला अंदाज पक्का लागे. बशीवरचे न जुळलेले सांधे बघताना हे लक्षात ठेवा: दिवसभरात डझनावारी भांडी, आणि प्रत्येक तुकडा एकदाच ठेवायचा.

ठेवल्यावर राठ केसांच्या ब्रशनं कागद घासघासून दाबायचा, मग भांडं पाण्यात बुडवून कागद धुऊन काढायचा. तेलातला रंग पाण्यानं जात नाही. पुढे साधारण 700 अंश सेल्सिअसच्या आसपासची एक हलकी भाजणी, फक्त तेल जाळून टाकण्यासाठी. ही पायरी टाळली किंवा ती अर्धी राहिली, तर तेल झिलईचं पाणी झटकतं आणि नक्षीवरच झिलई बसत नाही. तेल जळाल्यावर भांडं झिलईत बुडवायचं आणि शेवटची भाजणी. कोबाल्ट ही उष्णता सोसतो, म्हणून अठराव्या शतकात झिलईखालची छाप म्हणजे जवळपास निळीच.

झिलईखालची छाप आणि झिलईवरची छाप कशी ओळखायची?

बशी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा आणि खिडकीचा उजेड तिच्यावरून घसरू द्या. झिलईखालची नक्षी असेल तर चकाकी नक्षीवरून अखंड जाते. झिलईवर छापलेल्या काळ्या, तपकिरी-लाल किंवा जांभळट चित्रावर चकाकी मंदावते, तिथे पृष्ठभाग किंचित वेगळा दिसतो आणि कधी बोटालाही लागतो. वापरलेल्या बशीत झिलईवरची छाप सुरीच्या ओरखड्यांनी कापली गेलेली असते. झिलईखालच्या छापीवरून ओरखडे जातात, नक्षीला धक्का लागत नाही.

ही पद्धत कुणी शोधली?

एकाच माणसाचं नाव घेता येत नाही. डब्लिनहून आलेल्या जॉन ब्रुक्स या कोरीव काम करणाऱ्या कारागिरानं 1751 साली बर्मिंगहॅममध्ये असताना, मिन्यावर (धातूवर चढवलेल्या काचेसारख्या थरावर) आणि चिनी मातीवर छापण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट त्याला मिळालं नाही. 1753 ते 1756 या काळात लंडनजवळ बॅटरसी इथे मिन्याच्या डब्यांवर अशी छापाई होत होती.

लिव्हरपूलमध्ये जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी 27 जुलै 1756 रोजी, सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत, दुसऱ्या कुणाचीही मदत न घेता बाराशेहून अधिक फरशा छापल्या आणि काही दिवसांनी तसं शपथेवर लिहून दिलं. त्या फरशा पोर्सिलेनच्या नव्हत्या, कथिलाची पांढरी झिलई दिलेल्या मातीच्या होत्या. पण या आकड्यानं एक गोष्ट स्पष्ट होते. छापाईमुळे चित्रकाराची गरज प्रत्येक भांड्यामागे न राहता प्रत्येक पाटीमागे राहिली.

पोर्सिलेनपुरतं बोलायचं तर सगळ्यात महत्त्वाचं नाव रॉबर्ट हॅनकॉक. तो 1750 च्या दशकाच्या मध्यात वूस्टरला आला. त्याचं सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचं चित्र असलेले मग. त्यांवर 1757 हे साल छापलेलं असतं आणि काहींवर आर. एच. ही अक्षरं व शेजारी जहाजाचा नांगर. नांगराचा रोख कारखान्याचे भागीदार होल्डशिप यांच्याकडे आहे. त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी अर्थावर केलेला तो चित्रश्लेष. हॅनकॉक आणि रिचर्ड होल्डशिप या दोघांचीही आद्याक्षरं आर. एच. च, त्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद तेव्हापासूनचा. कोरणीचा दर्जा बघता आमचं मत हॅनकॉकच्या बाजूनं आहे.

ठिपक्या-ठिपक्यांची, राखाडी-काळी, अगदी नाजूक चित्रं असतात, तीही अशीच छापलेली का?

नाही, ती सरसाची छाप. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या दोन-तीन दशकांत स्पोड, मिंटन, न्यू हॉल, वूस्टर अशा कारखान्यांत तिची चलती होती.

यात कागद नाहीच. सरसाची लवचीक, पातळ वडी करायची. पाटीवर रेघांऐवजी अतिबारीक ठिपके कोरलेले, आणि त्यांत रंग न भरता नुसतं जवसाचं तेल. वडी पाटीवर दाबली की तेलाचे ठिपके तिच्यावर उठतात. ती तशीच झिलई चढलेल्या भांड्यावर दाबायची. आता भांड्यावर जवळपास न दिसणारं तेलाचं चित्र आहे. त्यावर कापसाच्या बोळ्यानं रंगाची कोरडी भुकटी भुरभुरायची. ती तेलाला चिकटते, बाकीची झटकून टाकायची. मग 700 ते 800 अंशांची मंद भाजणी.

ओळख सोपी आहे. चित्र झिलईवर असतं, सावल्या ठिपक्यांच्या असतात, घडी किंवा कागदाचा सांधा सापडत नाही. वडी मऊ असल्यानं ती कपाच्या गोलाईवर नीट बसते, पण तिचा आकार मर्यादित. म्हणून ही चित्रं लहान आणि सुटी असतात: एखादं खेड्यातलं घर, शिंपले, फळं, आई आणि मूल. भुकटी नीट झटकली नाही तर चित्राभोवती करड्या कणांचा धुरळा राहतो. याच तत्त्वावर सोन्याची छाप उठवण्याचं पेटंट पीटर वॉरबर्टन यानं 1810 साली घेतलं. न्यू हॉलच्या काही भांड्यांच्या बुडाशी मुकुट आणि त्याचं नाव दिसतं ते यामुळे.

वूस्टर आणि काफ्ली यांतला फरक कसा करायचा? दोन्हीकडे तीच मासे धरणाऱ्या कोळ्याची नक्षी आहे.

श्रॉपशरमधला काफ्लीचा कारखाना थॉमस टर्नरनं 1770 च्या दशकाच्या सुरुवातीला उभा केला. त्यानं वूस्टरच्या निळ्या छापीच्या नक्षा इतक्या जवळून उचलल्या की नुसत्या नजरेनं घोटाळा होणारच. कोळ्याची नक्षी दोन्हीकडे निघाली. एक माणूस उभा राहून मासा उंच धरतो आहे, दुसरा बसून गळ टाकतो आहे.

आधी मासा बघा. काफ्लीचा मासा आखूड आणि पोट सुटलेला, वूस्टरचा लांब आणि सडपातळ. मग गळाची दोरी. काफ्लीत ती ताणलेली, सरळ. वूस्टरमध्ये सैल, नागमोडी. दोन खुणा एकच उत्तर देत असतील तर निर्धास्त राहा.

नक्षी धड दिसत नसेल तर मातीकडे वळा. अंधाऱ्या खोलीत भांड्याच्या आतून टॉर्च लावा. वूस्टरच्या मातीत साबणदगड असे, ती बहुधा हिरवट झाक देते. काफ्लीतून उजेड नारिंगी-पिवळसर येतो. याला अपवाद आहेत, म्हणून फक्त टॉर्चवर निकाल देऊ नका.

बुडाशी असलेल्या खुणांवर किती विश्वास ठेवायचा?

छापील निळ्या वूस्टरवर बहुधा चंद्रकोर असते, आणि ती रेघांनी भरलेली. आतून रिकामी, कुंचल्यानं काढलेली कोर रंगवलेल्या भांड्यांवर येते. म्हणजे कोरीकडे बघूनही नक्षी छापील की रंगवलेली याचा अंदाज येतो. काफ्लीवर एस किंवा सी अक्षर, क्वचित दाबून उमटवलेला सॅलोपियन हा शब्द. सी आणि कोर यांची गल्लत होते, भिंग वापरा.

चिनी अक्षरांसारखी सजवलेली 1 ते 9 या आकड्यांची खूण बराच काळ काफ्लीची समजली जात होती. वूस्टरच्या जुन्या कारखान्याच्या जागी उत्खननात तशा खुणांचे तुकडे निघाले आणि ती वूस्टरची ठरली. जुन्या सूचींत अजूनही चूक सापडते.

नंतरच्या काळासाठी काही ठोकताळे पक्के आहेत. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण 1842 ते 1883 या काळातली. 1884 पासून तिच्या जागी नुसता नोंदणीक्रमांक आला, तो 1 पासून सुरू झाला आणि 1900 पर्यंत साडेतीन लाखांच्या पुढे गेला. ही दोन्ही नक्षी किंवा आकार नोंदवल्याची वेळ सांगतात, भांडं त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं. इंग्लंड हा शब्द अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे 1891 पासून सर्रास दिसतो. मेड इन इंग्लंड असेल तर भांडं बहुधा विसाव्या शतकातलं. बुडाशी इंग्लंड आणि विकणाऱ्याच्या तोंडी अठरावं शतक, हे दोन्ही खरं असू शकत नाही.

विलो नक्षीची प्रेमकथा खरंच चिनी आहे का?

नाही. विलोचं झाड, पूल आणि देऊळ असलेली ही निळी नक्षी इंग्लंडमध्ये चिनी नक्षांचे तुकडे जोडून 1790 च्या सुमारास घडली. पळून जाणाऱ्या प्रेमिकांची कथा 1849 साली एका इंग्रजी मासिकात छापून आली. आधी बशी, मग गोष्ट.

घरात दिसणारी बहुतेक विलो भांडी पोर्सिलेन नसतात, मातीची असतात. टॉर्च लावा, उजेड आरपार आला नाही तर माती. पोर्सिलेनवर तिची जवळची बहीण जास्त दिसते: दोन देवळं शेजारी शेजारी, आणि पुलावर तिघांऐवजी दोघं. पुलावरची माणसं मोजली तरी निम्मं काम होतं.

रेघा छापलेल्या आणि आतले रंग हातानं भरलेले, असं असतं का?

भरपूर. बाह्यरेषा छापून घ्यायची आणि लाल, हिरवा, पिवळा आत भरायला शिकाऊ मुलं किंवा बाया बसवायच्या. रंग रेघेबाहेर गेलेला दिसला की कळतं. छापील रेघ पातळ रंगाखालून डोकावते. अशा भांड्यांना पूर्ण हस्तकाम म्हणून विकलं जातं, तेवढं जपा.

नक्षीत दोष आहे, तो बनतानाचा की नंतरचा?

नक्षी दुहेरी दिसते, जणू डोळ्यांसमोर हलली: कागद घासताना सरकला. मध्येच गोल कोरी जागा: कागदाखाली हवा अडकली किंवा ब्रश तिथे पोचला नाही. सगळी नक्षीच फिकी आणि सावल्यांच्या रेघा गायब: पाटी झिजली होती. हजारो छापांनंतर उथळ रेघा आधी जातात, खोल रेघा टिकतात. म्हणून झिजलेल्या पाटीच्या छापीत चेहरे सपाट होतात आणि झाडाचे बुंधे तेवढे ठसठशीत राहतात. मग पाटी पुन्हा कोरली जाई, आणि त्या कोरणीत बारकावे बदलत. एकाच नक्षीच्या दोन बशांत फरक दिसण्याचं हे एक मोठं कारण.

निळ्याच्या कडा धूसर, रंग पाझरल्यासारखा: झिलई जाड बसली किंवा भट्टी तापली, आणि कोबाल्ट झिलईत विरघळला. एकोणिसाव्या शतकात हाच दोष लोकांना आवडू लागला. मग भट्टीत क्लोरिनची वाफ सोडणारी द्रव्यं ठेवून तो मुद्दाम घडवला गेला. ती भांडी मात्र बहुतेक मातीची. नक्षीबाहेर सुटा निळा ठिपका किंवा बोटाचा ठसा दिसला तर तो छापखान्यातल्या कुणाच्या रंगाळलेल्या हाताचा. आम्हाला अशा ठशाची बशी निर्दोष बशीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

हे सगळे दोष झिलईखाली बंद झालेले असतात. झिलईवरून तपकिरी डाग आत मुरलेला असेल, रेघ नखाला लागत असेल, छाप पुसट होऊन चकाकीही गेली असेल, तर ते नंतरचं नुकसान.

छापलेली म्हणजे रंगवलेल्यापेक्षा हलकी, असं समजायचं का?

आमचं उत्तर ठाम नाही असं आहे. हॅनकॉकच्या चांगल्या छापीतल्या रेघेचा ताण त्या काळच्या भांडी रंगवणाऱ्या फार थोड्यांना साधला असता. नेहमीच्या चहाच्या कपबशांवर मात्र सुमार छापाई भरपूर आहे, आणि ती सुमार म्हणूनच बघावी. किंमत ठरवताना नक्षी किती दुर्मीळ, छाप पाटी नवी असतानाची की झिजल्यानंतरची, भांड्याचा आकार कोणता आणि तडा-टवका आहे का, याच क्रमानं विचार करा.

मुंबईत जुन्या बाजारात मिळणारी निळी-पांढरी भांडी याच प्रकारातली का?

क्वचित. चोर बाजारात किंवा जुन्या घरांच्या आवराआवरीत हाती येतात ती बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि विसाव्यातली मातीची भांडी. बुडाशी मास्ट्रिख्ट असं लिहिलेलं असेल तर ती इंग्रजी नाहीतच, नेदरलँड्समधली आहेत. छापील असली तरी त्यांचा हिशेब वेगळा.

भारताशी खरा धागा नक्षीत सापडतो. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलता-पुतण्यांनी 1786 ते 1793 या काळात भारतभर फिरून केलेल्या चित्रांवरून इंग्रजी कारखान्यांनी देवळं, घाट, किल्ले बशांवर उतरवले. स्पोडनं भारतातल्या शिकारीची चित्रं घेऊन अख्खी मालिका काढली. पुस्तकातलं चित्र उचलायला तेव्हा आडकाठी नव्हती. 1842 च्या कायद्यानंतर ती वाट बंद झाली. ही भांडीही मातीची, पण छापाईचं कौशल्य बघायचं तर त्यांच्यासारखी उदाहरणं थोडी. काठावर वाघ एका प्रदेशातला, मागे देऊळ दुसऱ्याच, असा मेळ दिसला तर गोंधळू नका. कोरणाऱ्याला जागा भरायची होती.

डेकल आणि जुनी छाप यांत गल्लत कशी टाळायची?

डेकल म्हणजे आधी कागदावर तयार केलेलं आणि मग चिकटवलेलं बहुरंगी चित्र, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून सर्वत्र पसरलेलं. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात, कोरलेली रेघ दिसत नाही. एकाच पानात चार रंग अचूक जुळलेले असतील तर डेकलच समजा.

नकली माल कसा ओळखायचा?

वापराची झीज कुठे आहे ते बघा. खऱ्या जुन्या बशीची बुडाची कडी वर्षानुवर्षं टेबलावर सरकून गुळगुळीत आणि मळकट झालेली असते, पण असमान. नकलीवर चहाच्या पाण्यासारखा एकसारखा तपकिरी रंग फासलेला असतो, ज्या खाचांत हात लागत नाही तिथेही. झिलईभर सारख्या मापाच्या तड्यांची जाळी असेल तर संशय घ्या. भांडं आकाराच्या मानानं जड, आणि बुडाशी मुकुट, सिंह व व्हिक्टोरियाचं नाव अशी ठळक भरगच्च खूण असेल तर बाजूला ठेवा.

धुवायचं कसं? डाग काढायला ब्लीच चालेल का?

ब्लीच नको. सोडियम हायपोक्लोराइट तड्यांतून आत मुरतं, वाळल्यावर त्याचे क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि झिलईचे पापुद्रे उडवतात. डाग गेल्यासारखा दिसतो, नुकसान काही महिन्यांनी उघडं पडतं. मुरलेला डाग संवर्धकाकडे द्या.

एरवी प्लास्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी, सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब, एका वेळी एकच भांडं. अंगठी-बांगडी काढून ठेवा. झिलईवरची छाप आणि सोनं यांना घासणी लावू नका, बोटांनीच धुवा. कप कानाला धरून उचलू नका. भांडं पूर्वी चिकटवलेलं किंवा रंगवून दुरुस्त केलेलं वाटलं तर पाण्यात बुडवूच नका, ओलसर कापसानं पुसा. अंधारात अतिनील टॉर्च टाकली तर दुरुस्तीचा लेप बहुधा मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह, दोन्ही वर्ज्य.

यात जेवण वाढलं तर?

त्या काळच्या झिलईत आणि झिलईवरच्या रंगांत शिसं असे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, लोणचं अशा आंबट पदार्थांत ते उतरू शकतं. दाखवायला ठेवा, खायला नवी ताटं वापरा.

पावसाळ्यात कपाटात ठेवताना काय काळजी घ्यायची?

एकात एक रचताना मध्ये बिनआम्ल टिश्यू किंवा पांढरं सुती कापड घाला. रंगीत फेल्ट दमट हवेत रंग सोडतं आणि बुरशी धरतं. सहापेक्षा जास्त बशा एकावर एक नकोत. भिंतीवर टांगायच्या असतील तर घट्ट स्प्रिंगचा हँगर टाळा, त्याच्या नखांनी काठाचे टवके उडतात. भांडं धुतलं की एक-दोन दिवस उघड्यावर वाळू द्या, मगच कपाट बंद करा. तड्यांत अडकलेलं पाणी आपल्याकडच्या हवेत लवकर सुकत नाही.

फोटोवरून मत हवं असेल तर कोणते फोटो काढायचे?

पाच पुरतात. संपूर्ण भांडं समोरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. बूड कडीसकट, खूण नसली तरी. काठाचा सांधा जवळून. सावलीच्या रेघांचा भिंगातून काढलेला फोटो, आणि त्याच्या शेजारी मिलिमीटरची पट्टी. शेवटचा अंधारात, आतून टॉर्च लावून. त्यासाठी कॅमेऱ्याचं रंगसंतुलन दिवसाच्या उजेडावर स्थिर ठेवा, नाहीतर फोन हिरवट आणि नारिंगी झाक स्वतःच पुसून टाकतो.